जुन्या हेलिओस लेन्सच्या आतली बुरशी घरच्या घरी काढता येते का?

वाशिष्ठीकाठ
मामांचा झेनिट-ई आणि त्यावरची हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ २) माझ्याकडे आली आहे. कॅमेऱ्याचं शटर मध्येच अडकतं, त्यामुळे त्याचा नाद सोडला. लेन्स मात्र एम४२ (तिच्या आट्यांचं माप) ॲडॅप्टर लावून मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर मस्त चालते. बाहेरच्या काचा पुसल्या, पण मागून टॉर्च मारला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात आणि मधोमध जरा धूसर वाटतं. लेन्स कित्येक वर्षं चामड्याच्या केसमध्ये, चिपळूणच्या हवेत पडून होती.

मुंबईत एकाला विचारलं तर त्याने जो आकडा सांगितला त्यात दुसरी हेलिओस येईल. म्हणून स्वतःच उघडावी म्हणतोय. घड्याळजीचे स्क्रूड्रायव्हर आहेत, हात बऱ्यापैकी स्थिर आहे. कुणी केलंय का हे? आतली काच कशाने पुसायची?

निवांत_नाना
उघडू नका.

आता कारण. धागे टॉर्चमध्ये दिसतात म्हणून फोटोत दिसतीलच असं नाही. टॉर्च मारला तर दुकानातून नुकत्याच आणलेल्या लेन्समध्येही धूळ दिसते. आधी फोटो काढा. भर उजेड समोर ठेवून एक, उजेड पाठीशी घेऊन एक. दोन्ही चांगले आले तर लेन्सला तिच्या बुरशीसकट सुखाने नांदू द्या.

शटरफुली
नानांना अनुमोदन. शिवाय बुरशीमुळे सॉफ्ट फोकस फिल्टरचे पैसे वाचतात. लग्नातल्या मावश्या खूश.

पमाकाकू
वाचतेय. आमच्याकडेही एक पडलीय माळ्यावर.

लेन्समिस्त्री
नाना म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. धूळ असती तर मीही हात लावू नका म्हटलं असतं. पण बुरशी जिवंत असेल तर ती वाढते, आणि वाढताना जी आम्लं सोडते ती काचेवरचं कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) खातात. एकदा कोटिंग खाल्लं गेलं की नंतर कितीही पुसा, तो नक्षीकाम केलेला ठसा राहतोच. त्यामुळे 'फोटोत दिसेपर्यंत थांबा' हा सल्ला बुरशीला लागू नाही.

वाशिष्ठीकाठ, आधी निदान करा. ॲपर्चर (पात्यांनी लहानमोठं होणारं आतलं छिद्र) पूर्ण उघडा, अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरका धरा आणि चार गोष्टी वेगळ्या ओळखा.

फांद्याफांद्यांचे धागे, बहुधा कडेकडून आत येणारे: बुरशी. टॉर्च मारल्यावर सगळी काच दुधट दिसते पण आकार काहीच नाही: हेझ, म्हणजे आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसलेली. सुटे ठिपके: धूळ, विसरा. कडेपासून आत येणारा चकचकीत, इंद्रधनुषी डाग किंवा बुडबुड्यांसारखा पट्टा: दोन चिकटवलेल्या काचांमधला डिंक सुटलाय. हे शेवटचं असेल तर घरी काही होणार नाही.

हेलिओस ४४-२ मध्ये सहा काचा चार गटांत आहेत. पुढे एक सुटी, मग चिकटवलेली जोडी, मग ॲपर्चर, मग पुन्हा जोडी, शेवटी एक सुटी. म्हणजे हवेला लागणारे आठ पृष्ठभाग, त्यातले दोन तुम्ही बाहेरून पुसलेत. उरलेल्या सहांपैकी नेमका कुठला घाण आहे ते शोधा. फोकस धाग्यांवर धरून डोळा पुढेमागे केलात की ॲपर्चरच्या पात्यांच्या पुढे आहे की मागे ते कळतं. जो गट खराब तोच उघडायचा. बाकीच्याला हात लावायचा नाही.

पणजीकर
चामड्याची केस हाच खरा गुन्हेगार. ओलावा धरून ठेवते आणि स्वतःही बुरसते. पावसाळ्यात गोव्यात आमच्या घरी पट्टे, चपला, पाकिटं सगळ्यांवर हिरवट लव येते, तर लेन्स कशी सुटणार? केस आधी घराबाहेर काढा.

शटरफुली
@पणजीकर, केस बाहेर काढा म्हटल्यावर मी टक्कल पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. क्षमस्व.

वाशिष्ठीकाठ
नाना आणि मिस्त्री दोघांचंही ऐकलं. खिडकीसमोर मांजर बसवून फोटो काढला. उजेड समोर असला की काळं काळं राहतच नाही, सगळं राखाडी होतं. उजेड पाठीशी असताना फोटो चांगला येतो.

टॉर्चखाली: धागे पात्यांच्या पुढच्या बाजूला, बहुधा पहिल्या काचेच्या आतल्या अंगाला. दुधटपणा पात्यांच्या दोन्ही बाजूंना आहे. इंद्रधनुष्य नाही. पात्यांवर तेल दिसतंय.

लेन्समिस्त्री
छान निदान. उजेड समोर असताना राखाडी होतंय त्याचं मुख्य कारण हेझ आहे, बुरशी नव्हे. पात्यांवरचं तेल आणि फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस उन्हाळ्यात हळूहळू उडतं आणि पात्यांसमोरच्या काचांवर बसतं. नवशिके बुरशीच्या मागे लागतात आणि हेझ तसाच ठेवतात. तुम्हाला पुढची सुटी काच आणि ॲपर्चरकडची तोंडं, दोन्ही करावी लागतील.

पात्यांवरच्या तेलाची काळजी नको. ही प्रीसेट लेन्स आहे, पाती स्प्रिंगने नाही, तुमच्या हाताने फिरतात, त्यामुळे तेलाने अडकत नाहीत. पात्यांना कापूस लावू नका. आठ पाती एकदा सुटली की ती परत बसवताना माणूस देवाचं नाव घेतो.

रसायनवाली
आता पुसायचं कशाने, ते माझ्याकडून.

हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात मिळतं त्या बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ६ टक्के. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, ३ टक्के झालं. बॅटरीत घालतात तेच पाणी, गॅरेजमध्ये मिळतं. बुरशी मारायला हे पुरतं. काचेवर ओला टिश्यू ठेवून काही मिनिटं थांबायचं. सुटी काच असेल तरच. चिकटवलेली जोडी द्रवात बुडवायची नाही, कडेतून आत शिरलं तर डिंकाचं काय होईल सांगता येत नाही.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के. मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड धुवायला वापरतात. हेझ ग्रीसचा असतो, तो यानेच निघतो. घरात पडलेलं सॅनिटायझर अजिबात नको, त्यात ग्लिसरीन असतं, काचेवर थर धरेल. ॲसिटोन नको, प्लास्टिक आणि रंग विरघळतो. काचेच्या कडेला काळा रंग लावलेला असतो. तो आतली परावर्तनं थांबवतो, त्यावर अल्कोहोलही वाहू देऊ नका.

एक गोष्ट ठळक: अमोनिया आणि ब्लीच एकत्र कधीच नाही. विषारी वायू होतो. व्हिडिओत लोक अमोनियात पेरॉक्साइड मिसळतात, ते वेगळं. पण काच साफ करायची बाटली कुठली आणि फरशीची कुठली हे न वाचता मिसळणारेही बघितलेत.

पमाकाकू
कोल्ड क्रीम लावून काढतात असं कुठेतरी वाचलं होतं?

रसायनवाली
@पमाकाकू, हो, फार जुना तोडगा आहे. क्रीममध्ये तेल असतं, मेण असतं. बुरशी मऊ होऊन सुटत असेलही, पण ते तेल काढायला पुन्हा अल्कोहोल लागणारच. मग आधीच अल्कोहोल का नको? क्रीम थंडीत गालाला लावा.

निवांत_नाना
माझा मुद्दा राहिलाच. बाहेर धो धो पाऊस चालू आहे. चिपळूणला जुलैत लेन्स उघडली तर सगळी दमट हवा आत कोंडणार. दिवाळीनंतर करा, घाई काय आहे?

लेन्समिस्त्री
नाना, लेन्स म्हणजे लोणच्याची बरणी नाही. ती हवाबंद नसतेच. फोकस फिरवलात की आतल्या पोकळीचं आकारमान बदलतं आणि बाहेरची हवा आतबाहेर होते. म्हणजे आत आधीच चिपळूणची हवा आहे. पुसताना काचेवर दव धरतं हा त्रास खरा आहे, तर एसीच्या खोलीत करा. एसी नसेल तर थांबा. पण 'कोंडणं' हा प्रश्न नाही, नंतर ठेवता कुठे हा प्रश्न आहे.

निवांत_नाना
मान्य. दिवाळीनंतर हवा कोरडी असते एवढं तरी मान्य करा.

लेन्समिस्त्री
केलं.

येनावाला
धागा जर्मनीतून वाचतोय, म्हणून थोडं अवांतर. या हेलिओसचं मूळ माहेर इथलं. येनाच्या कार्ल त्साइसमध्ये विली मेर्टे यांनी १९३० च्या दशकात बायोटार ५८ मिमी एफ २ ची रचना केली. युद्धानंतर सोव्हिएतांनी त्याच रचनेवर आपली लेन्स काढली. सुरुवातीच्या प्रतींवर बीटीके असं नाव होतं, म्हणजे क्रास्नोगोर्स्कची बायोटार. पुढे तिचंच हेलिओस ४४ झालं.

४४-२ एकाहून जास्त कारखान्यांत बनली: मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला, वाल्दाईला आणि बेलारूसमध्ये मिन्स्कला. पुढच्या रिंगवर कारखान्याची खूण असते. प्रिझम आणि त्यातून जाणारा किरण असेल तर क्रास्नोगोर्स्क. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे. हे सांगायचं कारण असं की उघडण्याचे व्हिडिओ बघताना तुमच्याच कारखान्याच्या प्रतीचा शोधा, आतली बांधणी थोडी थोडी बदलते.

वाशिष्ठीकाठ
प्रिझमचीच खूण आहे! आणि क्रमांक ७७ ने सुरू होतो. म्हणजे १९७७. मामांच्या लग्नाचं साल.

शटरफुली
मामींना विचारा, दोघांपैकी कोणावर जास्त बुरशी.

क्लिकथ्री
अवांतर नंबर दोन. आमच्या घरी आग्फा क्लिक थ्री होता. १२० ची फिल्म, बारा चौकोनी फोटो. त्याला एकच काच, तीसुद्धा साधी मेनिस्कस, म्हणजे एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने खोलगट. बुरशी लागली तर पुढून पुसायची, मागून पुसायची, संपलं. ज्याला भीती वाटते त्याने तिथे हात बसवून घ्यावा. जुन्या बाजारात असे डबे कॅमेरे अजून मिळतात.

पणजीकर
+१. आणि चोर बाजारात मटण स्ट्रीटला, नाहीतर फोर्टात बोरा बाजारला बघा. सरावासाठी मेलेली लेन्स घ्यायची, तुटलेलीच. ती उघडून, परत जोडून, मग मामांच्या लेन्सकडे वळायचं.

लेन्समिस्त्री
पणजीकरांचा सल्ला या धाग्यातला सर्वात शहाणा. माझ्या टेबलावर येणाऱ्या 'घरी उघडलेल्या' लेन्सेसमध्ये तीन आजार सतत दिसतात: स्पॅनर घसरून काचेवर ओरखडा, काच उलटी बसवलेली, आणि आटे तिरके चढवल्यामुळे खाल्लेली रिंग. तिन्हींना कारण एकच, सराव थेट चांगल्या लेन्सवर.

आता अवजारं. लेन्स स्पॅनर हवाच, रिंगच्या खाचांत अडकवून ती फिरवायचा, दोन टोकांचा. कंपासपेटीतल्या विभाजकाने काम करणारे वीर आहेत, त्यांचेच ओरखडे माझ्याकडे येतात. स्पॅनर लावण्याआधी काचेवर कागदाची गोल चकती ठेवा. नाव लिहिलेल्या पुढच्या रिंगला बहुधा खाचा नसतात, ती घर्षणाने फिरवायची. तोंड बसेल अशा मापाचा रबरी बूच, बेसिनचा बूचही चालतो. दाब सरळ, हळू.

फिरत नसेल तर जोर लावू नका. कडेने बारीक स्क्रू दिसतात का बघा, ते ढिले केल्याशिवाय काही रिंगा हलत नाहीत. हे खाचेचे स्क्रू असतात, ड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीचंच हवं, नाहीतर खाच झिजते आणि मग ड्रिलशिवाय सुटका नाही. (जपानी लेन्सेसना फुलीचे स्क्रू असतात, पण ते जपानी मापाचे, जेआयएस. आपला नेहमीचा फिलिप्स त्यांची डोकी खातो.) स्क्रू नाही आणि तरी अडकलीय, तर आट्यांवर आयसोप्रोपिलचा एक थेंब आणि वाट बघणं. तरी नाही, तर हेअर ड्रायरने रिंग कोमट करा.

पायरीगणिक मोबाइलने फोटो. प्रत्येक काच काढायच्या आधी तिच्या कडेवर पेन्सिलने बारीक बाण, टोक पुढे, म्हणजे ज्याचा फोटो काढायचा त्या वस्तूकडे. पांढऱ्या कापडावर, काढलेल्या क्रमाने ओळीत मांडायचं. काच बोटाने उचलायची नाही, कापडावर उलटी करून पाडायची किंवा लेन्स सकरने (काचेला चिकटणाऱ्या रबरी वाटीने) काढायची.

फोकसच्या आट्यांना, म्हणजे हेलिकॉइडला, हात लावू नका. तुमच्या कामाला त्याची गरज नाही. ते सुटलं की त्याला अनेक तोंडं असतात, चुकीच्या तोंडात बसवलं की लांबचं फोकस गेलं.

पुणेरी_टाकुमार
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ ही जुनी लेन्स आहे. बुरशी नाही, पण काच चहासारखी पिवळी झालीय. आतून पुसली तर जाईल का?

रसायनवाली
नाही जाणार, कारण तो पिवळेपणा काचेच्या पोटात आहे. त्या लेन्सच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच वापरली होती, थोरियमच्या किरणोत्सर्गाने ती काळासोबत पिवळी पडते. उपाय म्हणजे अतिनील प्रकाश. खिडकीतल्या उन्हात किंवा यूव्ही एलईडीखाली बरेच दिवस ठेवा, उतरतो. उन्हात ठेवाल तर खाली ॲल्युमिनियमची फॉइल घाला आणि आसपास कागद, पडदा काही नको. भिंग आहे ते, उन्हाचा ठिपका पडला की जळेल.

पुणेरी_टाकुमार
किरणोत्सर्गी?! मी ती रात्री उशाशी ठेवतो.

रसायनवाली
कपाटात ठेवा. आणि घासू, फोडू नका, एवढं पुरे.

निवांत_नाना
उशाशी लेन्स ठेवणाऱ्या माणसाला मी काही सांगू शकत नाही.

वाशिष्ठीकाठ
धागा वर काढतोय. केलं!

पणजीकरांचं ऐकून आधी एक मेलेली रशियन लेन्स आणून ती दोनदा उघडली-जोडली. मग ही. भावाच्या ऑफिसात, रविवारी, एसी लावून. नावाची रिंग बेसिनच्या बुचाने पहिल्याच झटक्यात फिरली. पुढची सुटी काच निघाली. धागे तिच्या आतल्या तोंडावरच होते. पेरॉक्साइडचा ओला टिश्यू ठेवला, मग अल्कोहोलने मधून कडेकडे पुसलं, दर वेळी नवीन टिश्यू. जोडीला फक्त अल्कोहोलचा ओलसर टिश्यू लावला. मागचा गट स्पॅनरने निघाला, तिथला हेझ एका पुसण्यात गेला. टिश्यूवर पिवळट तेल आलं.

त्याच खिडकीत, त्याच मांजराचा फोटो काढला. काळं आता काळं येतंय. फरक पाहून मामा म्हणाले, "ही हेलिओस आमच्या वेळी असे फोटो काढत नव्हती." मी म्हटलं, मामा, तुमच्या वेळी तुम्ही फोटो काढत होता.

दोन प्रश्न. एक, पहिल्या काचेवर कडेला फांदीचा फिकट ठसा राहिलाय, तिरक्या उजेडातच दिसतो. पुन्हा पेरॉक्साइड लावू का? दोन, पेन्सिलचा बाण अल्कोहोलने पुसला गेला होता. मी मोबाइलच्या फोटोवरून बसवली, पण खात्री कशी करू?

लेन्समिस्त्री
अभिनंदन. ठसा म्हणजे कोटिंग खाल्लेली जागा. ती घाण नाही, पुसून जाणार नाही. घासत बसलात तर उरलेलं कोटिंग जाईल. लेन्स हूड (कडेचा उजेड अडवणारी पुढची कडी) लावा, काम झालं.

दिशेचं उत्तर सोपं आहे. पहिल्या काचेची फुगीर बाजू बाहेर, वस्तूकडे. आणि दोन्ही चिकटवलेल्या जोड्यांची खोलगट तोंडं ॲपर्चरकडे. पुढची काच उलटी बसली असती तर फोटोच्या कडा इतक्या वितळल्या असत्या की तुम्ही न विचारता ओळखलं असतं. काही हौशी मुद्दाम उलटी बसवतात त्या इफेक्टसाठी.

पणजीकर
आता ठेवणार कशात ते सांगा. नाहीतर पुढच्या जूनला हाच धागा पुन्हा.

पमाकाकू
डांबरगोळ्या घालून डब्यात ठेवल्या तर?

रसायनवाली
काकू, नको! डांबरगोळीची वाफ काचेवर बसते. एक हेझ काढून दुसरा आणायचा. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिलं की बस. जेलचे मणी निळ्याचे गुलाबी झाले (काही नारिंगीचे हिरवे होतात) की तापवून पुन्हा वापरता येतात.

क्लिकथ्री
आमच्या गावच्या स्टुडिओत कपाटात छोटा दिवा कायम चालू असायचा. लहानपणी वाटायचं देवाचा आहे.

लेन्समिस्त्री
तोच जुना ड्राय कॅबिनेट. दिव्याने कपाटातली हवा थोडी तापते आणि तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. पाणी तेवढंच असतं, पण काचेवर बसायला मागत नाही. लाकडी कपाटात कागद-कापडाजवळ नको, बाकी आजही चालतं. वीज गेली की मात्र संपलं, आणि कोकणात पावसाळ्यात वीज कधी जाते हे मी सांगायला नको.

आणि सर्वात सोपं म्हणजे लेन्स वापरा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढले तरी तिला उजेड आणि वारा लागतो.

शटरफुली
हे सगळं वाचून मी कपाटातली ७०-२१० झूम काढली. आत बुरशीचं पूर्ण जंगल आहे. बेसिनचा बूच आहे माझ्याकडे. सुरू करू?

लेन्समिस्त्री
झूम नको! आत सरकणारे गट असतात, ते खोबणीतल्या पिनांवर चालतात, आणि गटांचं एकमेकांतलं अंतर जरासं हललं तरी झूमच्या एका टोकाला फोकस मिळतं, दुसऱ्या टोकाला नाही. पुढची एखादी काच सहज निघत असेल तर तेवढीच पुसा. आत शिरू नका.

शटरफुली
मग हिचं काय करू?

निवांत_नाना
मांजराचे सॉफ्ट फोकस फोटो काढा. तुम्हीच सुचवलं होतंत.

पणजीकर
किंवा मला सरावाला पाठवा. टपालखर्च माझा.